छत उघडण्याआधी कागद हाती घ्या



घराचे काम निघाले म्हणजे खरे तर आनंद व्हावा. गळके छत जाणार, फुगलेली भिंत सरळ होणार, मोरीला फरशी बसणार. पण नगरपालिकेच्या क्वार्टरमध्ये, गृहनिर्माण मंडळाच्या गाळ्यात किंवा एखाद्या सरकारी चाळीत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाने "काम निघाले" हे शब्द ऐकले की त्याच्या पोटात गोळा येतो. घर आपले नाही, काम आपण काढलेले नाही, आणि ठेकेदार आपण नेमलेला नाही. तो केव्हा येणार, किती दिवस राहणार, नळ किती दिवस बंद राहणार, हे कुणीच सांगत नाही. स्वतःच्या घराचे काम काढणारा माणूस गवंड्याला म्हणू शकतो, "बाबा, उद्या थांब, पोरीचा पेपर आहे." भाडेकरूला तशी सोय नाही.

आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबे अशाच घरांत वाढली. १९५२ साली केंद्र सरकारने औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित घरांची योजना काढली. पुढे १९७७ साली म्हाडाची स्थापना झाली आणि आपले विदर्भ गृहनिर्माण मंडळही त्यात सामील झाले. आज म्हाडाचे अमरावतीचे मंडळ अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांचे काम पाहते. सफाई कामगारांच्या नगरपालिकेच्या वसाहती त्या वेगळ्या. अशा घरांना चाळीस-पन्नास वर्षे झाली की स्लॅबमधले लोखंड गंजते, गंजून फुगते आणि सिमेंटचे पापुद्रे खाली पडू लागतात. दुरुस्ती लागतेच. तिला विरोध करण्यासाठी मी लिहीत नाही. दुरुस्ती घराची होते, पण त्या काळात घरातल्या माणसांचे काय होते, यावर आज लिहायचे आहे.

या प्रश्नाचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईत आहे. १९२० नंतरच्या काही वर्षांत मुंबईच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्याच बीडीडी चाळी. एका कुटुंबाला १६० चौरस फुटांची खोली आणि मजल्यावर सामाईक संडास. गिरणी कामगारांच्या आणि आपल्या समाजाच्या कित्येक पिढ्या तिथे नांदल्या. या चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन एप्रिल २०१७ मध्ये झाले. जुन्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे घर ठरले. वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या १४ ऑगस्ट २०२५ रोजी. म्हणजे आठ वर्षांहून अधिक काळ गेला. शाळेत जाणारे पोर तेवढ्यात कॉलेजात पोहोचते.

तिथल्या अनेक रहिवाशांनी एक गोष्ट लावून धरली. आधी करार, मग खोली रिकामी. काहींनी त्यांना आडमुठे ठरवले. पण मुंबईत दोन-तीन वर्षांसाठी म्हणून संक्रमण शिबिरात गेलेली आणि वीस-तीस वर्षे तिथेच अडकलेली कुटुंबे त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. तोंडी आश्वासनावर घर सोडणाऱ्याचे काय होते, ते त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

आपल्या वऱ्हाडात एवढ्या मोठ्या योजना नाहीत. इथे काम लहान असते, पण हाल तेच. काही वर्षांपूर्वी एका गावच्या सफाई कामगारांच्या वसाहतीत आठ घरांचे छत बदलायला काढले. एप्रिल अखेर पत्रे उतरवले. मे महिन्याच्या उन्हात, पारा पंचेचाळीसच्या वर असताना, लोक साड्या आणि ताडपत्र्या बांधून राहिले. मग ठेकेदार दुसऱ्या कामावर निघून गेला. मी गेलो तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "काम त होईन भाऊ, पन तवरीक आम्ही राह्यावं कुठी?" या प्रश्नाचे उत्तर एकाही कागदावर नव्हते.

मृगाच्या आत काम होईल असे सांगितले होते. मृगाचा पहिला पाऊस आला आणि घरे उघडीच होती. मावशींची लोखंडी पेटी भिजली. त्या पेटीत सासऱ्यांचा चौथीचा दाखला होता. अनुसूचित जातीच्या प्रमाणपत्रासाठी आणि पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो, हे आपल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्या कुटुंबाकडे तेवढा एकच पुरावा होता. नात नर्सिंगच्या प्रवेशाला बसलेली. शाई पसरून कागदाचा लगदा झाला होता. पुढे त्या गावच्या शाळेत तीन खेपा घातल्या, जुने दाखल-खारीज रजिस्टर शोधायला लावले, तेव्हा उतारा मिळाला. रजिस्टर वाळवीने खाल्ले असते तर? एका छताच्या दिरंगाईत एका मुलीचे शिक्षण अडकले असते.

म्हणून घराघरांत वाचले जावे अशा काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट कागदाची. मी कारकून आहे. कचेरी आतून कशी चालते ते रोज पाहतो. तोंडी तक्रारीचा कचेरीत जन्मच होत नाही. अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. काम सुरू होण्याआधी सर्व घरांच्या सहीने एकच अर्ज करा आणि त्यात पाच गोष्टी विचारा. काम कोणत्या तारखेला सुरू होऊन केव्हा संपणार? त्या काळात राहण्याची सोय कुठे आणि तिचे भाडे कोण देणार? पाणी, वीज, संडास यांची पर्यायी व्यवस्था काय? सामानाचे नुकसान झाले तर जबाबदार कोण? आणि काम संपल्यावर हीच खोली याच कुटुंबाला, याच नावावर परत मिळणार, असे लेखी मिळणार काय? पाचवा प्रश्न कधीही गाळू नका. भाडेपावती आईच्या नावावर आणि नव्या यादीत नाव भलत्याचेच, असे प्रकार घडतात.

उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार आहे. २००५ च्या या कायद्याखाली दहा रुपयांच्या शुल्कात अंदाजपत्रक आणि कार्यादेशाची प्रत मागता येते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला ते शुल्कही नाही. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. पुष्कळांना माहीत नसते की याच कायद्यात कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. वाळूत माती मिसळलेली दिसली तर गवंड्याशी भांडू नका, नमुना मागा. काम झाल्यावरही काही ठराविक मुदतीत निघालेले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात. ती मुदत किती, हे करारात असते. ती विचारून भिंतीवर लिहून ठेवा.

खाजगी मालकाच्या घरात राहणाऱ्यांसाठी १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे. घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी तो मालकावर टाकतो आणि योग्य कारणाशिवाय भाडेकरूचे पाणी-वीज तोडण्यास मनाई करतो. पण सरकारच्या आणि नगरपालिका-महानगरपालिकांच्या मालकीच्या घरांना तो लागू नाही. त्यांच्या भाडेकरूची ढाल म्हणजे लेखी अर्ज आणि एकी.

दुसरी गोष्ट पेटीची. गवंडी दारात येण्याआधी जातीचा दाखला, शाळेचे दाखले, भाडेपावत्या, घर मिळाल्याचे पत्र, शिधापत्रिका, वीजबिले हे सर्व प्लास्टिकच्या पिशवीत घालून डब्यात ठेवा आणि तो डबा दुसऱ्या गल्लीतल्या नातेवाइकाकडे द्या. प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स काढा, मोबाईलवर फोटो घ्या. खोली सोडण्याआधी भिंती, दारे, नळ यांचेही फोटो काढा. शंभर-दीडशे रुपयांचे काम आहे, पण मावशींच्या नातीला विचारा त्याची किंमत.

तिसरी गोष्ट पोरांच्या अभ्यासाची. बाबासाहेब परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत शिकले. घर झोपले की तेही झोपत आणि वडील रामजी सुभेदार त्यांना रात्री दोनच्या सुमारास उठवून अभ्यासाला बसवीत. म्हणजे जागा मिळत नव्हती, तर त्या घराने वेळ काढून दिला. आपणही तेच करू शकतो. ठोकाठोकी दिवसा असते, तेव्हा पहाटेचे दोन तास पोरांचे. दिवसा विहारात किंवा वस्तीतल्या समाजमंदिरात एक चटई आणि एक दिवा अभ्यासासाठी राखून ठेवा, आळीपाळीने एका मोठ्या मुलाने लक्ष ठेवावे. दहावी-बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. त्या दोन महिन्यांत काम काढू नका, असे अर्जात स्पष्ट लिहा. रात्रीचा प्रश्नच नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत वस्तीत बांधकामाची आवाज करणारी यंत्रे चालवता येत नाहीत. त्याची तक्रार पोलीस ठाण्यात करता येते.

चौथी गोष्ट घरातल्या बाईची. काम निघाले की पुरुष सकाळी कामावर निघून जातो. धूळ, मजुरांची ये-जा, चुलीची आणि अंघोळीची गैरसोय हे सर्व बाईच्या वाट्याला येते. सामाईक संडास-मोरीचे काम एकदम काढू देऊ नका. अर्धे आधी आणि अर्धे नंतर, असा आग्रह धरा. अंघोळीला पक्का आडोसा हवा, चार काठ्या आणि फाटके गोणपाट नको. चार घरांनी मिळून एकच चूल ठेवली तर सरपण, गॅस आणि वेळ तिन्ही वाचतात. आणि वस्तीच्या समितीत निम्म्या बाया असाव्यात, कारण कुठला नळ केव्हा लागतो हे त्यांनाच माहीत असते.

पाचवी गोष्ट प्रकृतीची. विटा आणि काँक्रीट फोडताना उडणारी बारीक धूळ छातीला घातक असते. दमेकरी, क्षयाचे रुग्ण, म्हातारी माणसे आणि तान्ही लेकरे यांना फोडाफोडीच्या दिवसांत दुसरीकडे हलवा. फोडण्याआधी पाणी शिंपडायला लावा. कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुने सिमेंटचे पत्रे आपटून फोडू देऊ नका. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते, ते ओले करून अखंड उतरवायला सांगा. चुना किंवा सिमेंट डोळ्यात गेले तर चोळू नका. पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवा आणि दवाखाना गाठा.

पाण्याचेही असेच. अमरावतीला ऊर्ध्व वर्धा आणि अकोल्याला महानचे काटेपूर्णा धरण पाणी पुरवते, पण आपल्या वस्त्यांत नळ रोज कुठे येतो? भिंतीला आणि स्लॅबला पाणी मारण्यासाठी ठेकेदार टाके भरून ठेवतो. त्या उघड्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. टाक्यावर झाकण मागा, आठवड्यातून एकदा ते कोरडे करायला लावा. आणि ठेकेदाराने वापरायचे पाणी तुमच्या प्यायच्या पाण्यातून जाणार नाही, हे आधी ठरवा.

सहावी गोष्ट हिशोबाची. एका वहीत रोज लिहा. आज मजुरी बुडाली किती, टेम्पोचे भाडे किती, पाण्याची टाकी किती, औषध किती, काय फुटले. कामाच्या दिवशी किती मजूर आले आणि किती दिवस कुणीच आले नाही, तेही लिहा. नुसते "फार त्रास झाला" म्हटले तर साहेब मान डोलावतो. "एकेचाळीस दिवसांपैकी तेवीस दिवस काम बंद होते", असे तारखांसह लिहिले तर त्याला फाईल उघडावी लागते. त्या आठ घरांच्या वसाहतीत शेवटी हेच कामी आले. आठ सह्यांचा अर्ज, दिवसांची नोंद आणि कार्यादेशाची प्रत घेऊन सगळे गेले. आधी ताडपत्र्या मिळाल्या, मग पूर्ण करण्याची तारीख लेखी मिळाली आणि जुलैच्या मध्यावर छत पडले.

शेवटी एक विनंती. दारात घमेले घेऊन उभी असलेली बाई आणि पाडावर चढलेला गवंडी आपले वैरी नाहीत. बहुधा आपल्याच नात्यागोत्यातले असतात. त्यांच्यावर राग काढून काम लवकर होत नाही. त्यांना प्यायला पाणी द्या आणि विचारा, तुमची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी झाली काय? वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केलेल्या, अठरा ते साठ वयाच्या मजुराला ती करता येते आणि लेकरांच्या शिक्षणाला मदत मिळू शकते. भांडण ज्याच्या सहीने काम निघाले त्याच्याशी करायचे, आणि तेही कागदावर.

तुमच्या वस्तीत यंदा काम निघणार असेल तर पत्रे उतरण्याची वाट पाहू नका. याच रविवारी चार घरे एकत्र बसा, पाच प्रश्नांचा अर्ज लिहा आणि सोमवारी आवक क्रमांक घेऊन या.

जयभीम.