कानाजवळचा पहारेकरी

मागील महिन्यात आमच्या सांगलीच्या पेढीवर एक प्रसंग घडला. पंढरपूरकडील एका जुन्या व्यापाऱ्यांशी मी हळदीच्या बाकीविषयी फोनवर बोलत होतो. वडिलांच्या काळापासूनचे त्यांचे खाते. "पुढच्या आठवड्यात नक्की पाठवतो," असे ते म्हणाले. मी "बरे आहे" म्हणून फोन कानापासून दूर केला. पडदा काळाच होता. बोलणे संपले असे समजून मी फोन गादीवर ठेवला आणि मुनीमजींना म्हणालो, "यांचा पुढचा आठवडा कधी उजाडतच नाही. आता रोखीशिवाय एक पोतेही द्यायचे नाही."

काही वेळाने पडदा आपोआप उजळला. पलीकडून फोन बंद झाला होता. संभाषणाचा कालावधी दिसला ९ मिनिटे. आम्ही बोललो होतो जेमतेम चार. दुसऱ्या दिवशी दुपारी पूर्ण रक्कम जमा झाली आणि सोबत एका ओळीचा निरोप आला : "खाते मिटवून टाकावे."

त्या रात्री मी फोनचा दोष शोधायला बसलो.

फोनच्या वरच्या भागात, आवाज ऐकू येण्याच्या जाळीजवळ, काचेखाली एक लहानसा सेन्सर असतो. त्याला प्रॉक्सिमिटी सेन्सर म्हणतात. तो डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सोडतो आणि त्यांतील किती परत येतात हे मोजतो. कान जवळ आला की किरण अधिक परततात व पडदा विझतो, म्हणजे गालाच्या स्पर्शाने भलतेच बटण दाबले जात नाही. फोन दूर नेला की पडदा पुन्हा उजळतो. मात्र काचेवर धूळ वा तेलकट थर असेल, तर किरण तेथूनच माघारी येतात आणि कान अद्याप जवळच आहे, अशी फोनची समजूत होते. काही फोनांत किरणांऐवजी ध्वनिलहरींवरून हे अंतर ठरवतात. तेथे ही पुसापुशी फारशी उपयोगी पडत नाही.

दोष याच सेन्सरचा आहे काय, हे प्रथम पाहावे. स्पीकर लावून बोलताना पडदा नीट चालतो आणि कानाला लावल्यावरच काळा राहतो, तर संशय येथेच घ्यावा. सॅमसंगच्या बहुतेक फोनांत नंबर लावण्याच्या जागी *#०*# टाइप केले की सेन्सर तपासण्याचे पान उघडते. शाओमीच्या फोनांत त्यासाठी *#*#६४८४#*#* हा संकेत आहे. माझ्या फोनसमोर काहीही नसताना तो 'जवळ' असेच दाखवीत होता.

पुढे एकच नियम पाळावा : एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा तपासावे. मी आधी कव्हर काढले. मग कोरड्या मऊ फडक्याने वरची कड पुसली. फोन बंद करून चालू केला. सेफ मोडमध्ये, म्हणजे आपण घातलेली ॲप्स थांबवून, पाहिले. फरक पडला नाही. शेवटी पडद्यावर चिकटवलेली संरक्षक काच काढली. पंधरा दिवसांपूर्वी रस्त्यावरच्या एका टपरीवर बसवलेली ती काच किंचित तिरकी होती. तिची काळी किनार नेमकी सेन्सरवर आली होती आणि फटीत वखारीतील हळदीची भुकटी शिरली होती. काच निघताच 'जवळ'चे 'दूर' झाले.

जाळीत टाचणी घालू नये, पाणी वा फवारा मारू नये. सगळा फोन कोरा करण्याचा उपाय अगदी शेवटी, तोही हिशेब व निरोपांची प्रत काढून ठेवल्यावरच करावा. पूर्वी पडदा बदलला असेल, तर सेन्सर जागेवर नीट बसला नसण्याचीही शक्यता असते. ते काम कारागिराचे. तोवर सेटिंगमधील ॲक्सेसिबिलिटीत जाऊन 'पॉवर बटणाने कॉल बंद' ही सोय सुरू करून ठेवावी. पडदा काळा असला तरी बोलणे हमखास बंद होते.

चौथ्या दिवशी मी स्वतः पंढरपूरला गेलो. काचेची हकिकत सांगायचे ठरवले होते, पण त्यांच्या दुकानाची पायरी चढताना ती सबब तोकडी वाटली. काचेमुळे त्यांना ऐकू गेले, एवढेच. बोललो मीच होतो. तेवढेच त्यांना सांगितले आणि क्षमा मागितली. त्यांनी चहा मागवला, मुलांची चौकशी केली. खात्याचा विषय दोघांनीही काढला नाही. ते अजून बंदच आहे.