मानेतली धमनी मोकळी केली की स्मरणशक्ती सुधारते का?

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या दोन मोठ्या धमन्या मानेच्या दोन्ही बाजूंनी वर जातात. त्यांना कॅरोटिड म्हणतात. वाढतं वय, सिगारेट, बीपी, मधुमेह आणि कोलेस्टेरॉलमुळे त्यांच्यात चरबीचा थर साचतो. तो ऑपरेशनने काढतात किंवा स्टेंट बसवतात. उद्देश असतो स्ट्रोक टाळणं. पण घरच्यांना आणखी एक आशा असते: बाबांचा विसराळूपणाही कमी होईल का?

आता चर्चा का?

नोव्हेंबर २०२५ मध्ये 'क्रेस्ट-२' चाचणीचे निकाल आले. धमनी किमान ७० टक्के अरुंद, पण त्रास काहीच नाही, असे २,४८५ रुग्ण त्यात होते. प्रामुख्याने स्ट्रोक मोजणाऱ्या निकषावर चार वर्षांत फक्त औषधं घेणाऱ्यांमध्ये प्रमाण ६ टक्के होतं, औषधांसोबत स्टेंट बसवलेल्यांमध्ये २.८ टक्के. ऑपरेशनच्या चाचणीत हेच आकडे ५.३ आणि ३.७ टक्के होते, पण हा फरक ठोस ठरला नाही.

हा हिशोब स्ट्रोकचा झाला. स्मरणशक्तीसाठी 'क्रेस्ट-एच' हा जोडअभ्यास आखला गेला. धमनी अरुंद असलेल्या बाजूला मेंदूचा रक्तपुरवठा कमी असेल, तर धमनी मोकळी केल्यावर वर्षभरात विचारशक्ती सुधारते का, हा त्याचा प्रश्न.

स्कॅन काय दाखवतो?

• फायदा: परफ्युजन एमआरआयमध्ये मेंदूच्या कुठल्या भागात रक्त कमी किंवा उशिरा पोहोचतं ते दिसतं.

• नुकसान: डिफ्युजन एमआरआयमध्ये उपचारादरम्यान सुटलेल्या कणांमुळे झालेल्या बारीक जखमा दिसतात. २०१० च्या एका अभ्यासात स्टेंटनंतर ५० टक्के, तर ऑपरेशननंतर १७ टक्के रुग्णांत अशा नव्या खुणा आढळल्या. बहुतेकांना वरून काहीच जाणवलं नव्हतं.

नुसती स्मरणशक्तीची चाचणी का पुरत नाही?

तीच चाचणी दुसऱ्यांदा दिली की सरावानेच मार्क वाढतात. म्हणून उपचार न झालेल्यांशी तुलना लागते आणि स्कॅनची जोडही.

थोडक्यात काय?

स्ट्रोकचा धोका कमी होणं आणि स्मरणशक्ती सुधारणं या वेगळ्या गोष्टी आहेत. फक्त विसरभोळेपणासाठी हा उपचार सुचवला गेला, तर डॉक्टरांना विचारा: मेंदूचा रक्तपुरवठा खरंच कमी आहे का? विसरण्यामागे दुसरं कारण तर नाही ना? आणि चेहरा वाकडा होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं दिसलं, तर वाट न पाहता हॉस्पिटल गाठा.