मध्यंतरांतील पेला
भिवंडीजवळील नारपोलीहून एका भगिनीनें विचारलें आहे कीं, फुटबॉलच्या सामन्याच्या मध्यंतरांत मुलांस खावयास-प्यावयास काय द्यावें; कारण त्यांच्या घरांत या प्रश्नावर तीन मतें पडलीं आहेत. आजेसासूबाई म्हणतात, धापा टाकणाऱ्या मुलानें पाण्यास शिवूं नये. धाकटे दीर बाटलींतील फेसाळ पेय आणून देतात. आणि स्वतः भगिनी डब्यांत साजूक तुपांतील शिरा भरतात!

वडील माणसांचा मान राखूनही सांगणें प्राप्त आहे कीं, पाणी अडवून धरण्याची चाल आतां सोडली पाहिजे. तिकडील हवा दमट. घाम येतो पण वाळत नाहीं, आणि न वाळणारा घाम अंग थंड करीत नाहीं. २०१४ सालच्या जागतिक स्पर्धेंत ब्राझीलमधील फोर्तालेझा येथें नेदरलँड्स व मेक्सिको यांचा सामना उष्म्यामुळें मध्येंच थांबवून कसलेल्या खेळाडूंस पाणी पाजावें लागलें. मग दहा-बारा वर्षांच्या मुलांची काय कथा? खेळापूर्वीं अर्धा तास पेलाभर पाणी द्यावें, आणि पुढें खेळ थांबेल तेव्हां घोट-घोट. मूल अडखळूं लागलें, असंबद्ध बोलूं लागलें, तर तें केवळ दमलें आहे असें समजूं नये. त्यास सावलींत नेऊन अंगावर पाणी ओतावें, वारा घालावा आणि तत्काळ दवाखाना गांठावा.

शिऱ्याविषयीं थोडक्यांत. मध्यंतर नियमानें फार तर १५ मिनिटांचें; मुलांच्या सामन्यांत बहुधा त्याहूनही कमी. तूप-तेल जठरांत रेंगाळतें. शिरा सामन्यानंतर द्यावा, तेव्हां त्याचें चीज होईल. मध्यंतरांत अर्धें केळें किंवा संत्र्याच्या चार फोडी पुरेत.

खरी मेख पेयांत आहे. लिटरभर पाण्यांत साठ ग्रॅम साखर, म्हणजे सपाट पांच मोठे चमचे, पाव लहान चमचा मीठ आणि एका लिंबाचा रस, एवढें पोटास मानवतें. थोडी साखर व मीठ बरोबर असलीं कीं आंतडें पाणी लवकर शोषून घेतें. डॉ. दिलीप महालनबीस यांनीं १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासित छावणींत पटकीच्या रोग्यांस जें द्रावण पाजलें, त्याचें मर्म हेंच; मात्र तें औषध होतें, त्याचें प्रमाण निराळें. याहून फार गोड पेय पोटांत तसेंच राहतें. पाहुण्यांसाठीं करतों तें कोकम सरबत किंवा पन्हें येथें दुप्पट पाणी घालूनच द्यावें. मुलें तोंड वांकडें करतील, करोत. दिरांच्या बाटलींत साखर शेंकडा दहाच्या घरांत, शिवाय वायु. धांवतांना ढेकरा येतात त्या त्यामुळेंच. उत्तेजक पेयें तर मुलांस मुळींच नकोत. दुकानांतील खोक्यांवरही विसंबूं नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाशीं न जुळणाऱ्या पेयांच्या नांवांत ‘ओआरएस’ हीं अक्षरें घालण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानें २०२५ च्या ऑक्टोबरांत मनाई केली, यावरून काय तें समजावें.

पाणी उकळून गार केलेलें असावें, गाडीवरचा बर्फ त्यांत घालूं नये, आणि एकच पेला साऱ्या चमूंत फिरवूं नये. कावीळ अशीच पसरते. पण प्रत्येकाजवळ बाटली असेल असें नाहीं. बाप यंत्रमागावर रात्रपाळीस, आई कामावर, असा मुलगा नारपोलीच्या मैदानावर असणारच. आपण एकट्या बाळापुरती बाटली न देतां तोटीचें पिंप व पंधरा-वीस पेले पाठवावे. घरांत माणसें पुष्कळ. हें काम जड नाहीं.

रमजानांत कांहीं मुलांस रोजा असतो. त्यांच्यापुढें पेला धरून त्यांस अडचणींत टाकूं नये. सावली व मानेवर ओला पंचा एवढें पुरे, आणि चक्कर आल्यास खेळ बंद. त्या महिन्यांत सामना इफ्तारनंतर दिव्यांच्या उजेडांत ठेवतां येईल काय, हें व्यवस्थापकांस आधींच विचारावें.