झोका बांधण्याआधी छत तपासा

परवा वस्तीतल्या एका ताईंकडे गेलो होतो. त्यांचा मुलगा स्वमग्न आहे. ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी त्याला घरीही झोका द्यायला सांगितले. ताईंनी पोटाला चिमटा काढून कापडी झोका आणला आणि पंख्याच्या हुकाला अडकवायला स्टुलावर चढल्या. मी म्हटले, "ताई, आधी खाली उतरा."

झोक्याचा उपचार हे काही थोतांड नव्हे. अमेरिकेतील जीन एअर्स यांनी १९७२ साली संवेदनांच्या मेळाविषयी ग्रंथ लिहिला. त्यांच्या पद्धतीत झोक्याला मोठे स्थान आहे. कानाच्या आतल्या तोलाच्या इंद्रियाला झोक्याने चालना मिळते. संथ, एका दिशेच्या झोक्याने पुष्कळ मुले शांत होतात. पण किती वेळ आणि कसा झोका द्यायचा, हे तज्ज्ञांनाच विचारावे. फिट येणाऱ्या मुलाच्या बाबतीत डॉक्टरांना आधी विचारावे.

आता हिशेब पाहा. मूल २५ किलोचे आहे. झोका ६० अंशांपर्यंत नेऊन सोडला, तर खाली येताना हुकावर ५० किलोचा ताण येतो. दोर आडवा होईपर्यंत नेला, तर तोच ताण ७५ किलो होतो. मुलाने उडी घेतली तर धक्का आणखी वाढतो. पंख्याचा हूक पंख्यासाठी असतो, या ओढाताणीसाठी नव्हे.

मग काय करावे?

लाकडी तुळई असेल तर वाळवी, चीर, कुज पाहावी. टोचणी सहज आत गेली तर तो नाद सोडावा. तुळई धड असेल तर नुसता पिळाचा हूक न बसवता आरपार बोल्ट, रुंद वॉशर आणि दुहेरी नट लावावा. स्लॅब गळका असेल, सळईचा गंज दिसत असेल, तर त्यात भोक पाडू नये. चांगल्या स्लॅबला किंवा बीमलाही इंजिनिअरला विचारल्याशिवाय ड्रिल लावू नये. आतली सळई कापली जाते. पत्र्याच्या पाइपाला आणि फॉल्स सीलिंगला झोका कधीच नको.

कडी, फिरकी, दोर यांवर वजनाची मर्यादा छापलेली असावी. पहिल्यांदा मूल नव्हे, वाळूची पोती टांगावीत. खाली कोणी उभे राहू नये. भिंत, कपाट, खिडकी झोक्याच्या टप्प्याबाहेर असावी. खाली जाड गादी घालावी. दर आठवड्याला नट आणि दोराची झीज तपासावी. वापर झाला की झोका काढून ठेवावा. दोर मानेत अडकू शकतो, म्हणून मुलाला क्षणभरही एकटे सोडू नये.

छत जोखमीचे असेल तर काय? जाड चादर गादीवर पसरावी, मुलाला मधे निजवावे, दोघा मोठ्यांनी चार टोके घट्ट धरून गादीपासून वीतभर उचलावे आणि हळूहळू झुलवावे. थेरपिस्ट बाईंना विचारून ताईंनी सध्या हेच सुरू केले आहे. इंजिनिअर रविवारी येऊन तुळई पाहणार आहेत.