क्रांती सावकाश ऐकावी

इतिहास हा आपल्या मंडळींचा जुना आवडीचा विषय. चार मराठी माणसे एकत्र आली की पानिपत निघतेच, आणि चहा संपेपर्यंत आपण ती लढाई जिंकलेलीही असते! अलीकडे मात्र आमच्यापैकी बऱ्याच जणांना इतिहासाचा वेगळाच नाद लागला आहे. तो म्हणजे राज्यक्रांत्यांवरचे सविस्तर पॉडकास्ट ऐकण्याचा. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो. हा प्रकार आकाशवाणीवरच्या मालिकेसारखाच, फक्त वेळ आपण ठरवायची. मोबाईलवर भाग लावावा आणि सकाळी फिरताना, भाजी निवडताना किंवा रात्री झोप येत नसताना ऐकावा.

या प्रकारातले एक नावाजलेले काम म्हणजे माइक डंकन या अमेरिकन निवेदकाची ‘रेव्होल्यूशन्स’ ही इंग्रजी मालिका. २००७ ते २०१२ या काळात त्यांनी रोमचा इतिहास सांगितला आणि २०१३ मध्ये क्रांत्यांना हात घातला. इंग्लंडमधील यादवीपासून सुरुवात करून अमेरिका, फ्रान्स, हैती, दक्षिण अमेरिका, १८३० आणि १८४८ चा युरोप, १८७१ चे पॅरिस कम्यून, मेक्सिको आणि शेवटी रशिया, अशा दहा क्रांत्या त्यांनी २०२२ पर्यंत सांगितल्या. एकट्या रशियाला शंभरावर भाग! एवढे कोण ऐकणार, असे वाटेल. पण ज्यांच्या घरात रात्र रात्र कीर्तने ऐकली गेली, ज्यांच्या पुण्यात १८७५ पासून वसंत व्याख्यानमाला चालते, त्यांना लांबलचक ऐकण्याचे भय का वाटावे? ती सवय आपल्या रक्तातच आहे.

आमचे म्हणणे असे की, राजकारणाची आवड असणाऱ्या प्रत्येकाने एक तरी क्रांती अशी सावकाश ऐकावी. कारण शाळेत आपण क्रांती शिकलो ती चार ओळींत. राजा जुलमी होता, प्रजा उपाशी होती, बॅस्टिल पडले, स्वातंत्र्य-समता-बंधुता आली. पन्नास भाग ऐकल्यावर या चार ओळी उरत नाहीत. हाती राहतो तो कोणी काय केले आणि कधी केले याचा हिशेब.

फ्रान्सचेच पाहा. १७८८ मध्ये सरकारी खर्चापैकी सुमारे निम्मी रक्कम कर्जापायी जात होती. त्याच वर्षी जुलैत प्रचंड गारपीट होऊन उभे पीक आडवे झाले. तिजोरी रिकामी, म्हणून राजाने १६१४ नंतर प्रथमच तिन्ही वर्गांची सभा बोलावली. १७८९ च्या मे महिन्यात ती भरली आणि भांडण कशावरून झाले? तर मते माणशी मोजायची की वर्गवार, यावरून! ज्यांनी कधी संस्थेच्या सर्वसाधारण सभेत घटनेतील एका कलमावरून तीन तास घालवले आहेत, त्यांना याचे हसू येणार नाही. इकडे पॅरिसमध्ये पावाचा भाव चढत गेला आणि जुलैत शिगेला पोहोचला. १४ जुलैला लोक बॅस्टिलवर गेले ते प्रामुख्याने दारूगोळ्यासाठी. आत कैदी होते अवघे सात.

पुढे रोबेस्पिएर येतो. याच माणसाने मे १७९१ मध्ये फाशीची शिक्षाच रद्द करा, असे भाषण केले होते. आणि त्याच्याच गटाने जून १७९४ मध्ये आरोपीला वकील देण्याचीही सोय काढून टाकणारा कायदा आणला. दोन महिन्यांच्या आत तोही त्याच पात्याखाली गेला. हा माणूस ढोंगी होता असे म्हणून भागत नाही. एकेक भाग ऐकताना आपल्याला दिसते की प्रत्येक पायरीवर त्याच्याकडे कारण होते आणि प्रत्येक कारण त्या दिवशी पटण्यासारखे होते. चांगली माणसे कुठे घसरतात हे असे पायरीपायरीनेच कळते.

रशियाची गोष्ट याहून बोलकी. १९०५ च्या उठावानंतर झारने ड्यूमा दिली आणि १९०७ मध्ये मतदानाचे नियम बदलून तिचे पंख छाटले. वेळेवर थोडे सोडले असते तर कदाचित सर्व गेले नसते. पण सत्ता हातात असताना ‘थोडे सोडा’ हा सल्ला कोणालाच रुचत नाही. आणि क्रांतिकारकांना तरी भविष्य कुठे कळत होते? जानेवारी १९१७ मध्ये लेनिन झुरिचमध्ये तरुणांना सांगत होता की, आम्ही जुनी मंडळी निर्णायक लढा पाहायला कदाचित नसू. दोन महिन्यांत झारचे सिंहासन गेले! त्याची सुरुवात झाली ती पेट्रोग्राडमधील कामगार बायकांनी भाकरीसाठी काढलेल्या मोर्चातून.

आणि हैती? आपल्यापैकी किती जणांनी शाळेत हे नाव ऐकले होते? १७९१ मध्ये गुलामांनी उठाव केला, नेपोलियनच्या फौजेला हरवले आणि १ जानेवारी १८०४ रोजी स्वतंत्र राष्ट्र उभे केले. पण १८२५ मध्ये फ्रान्सने त्याच राष्ट्राकडून १५ कोटी फ्रँक भरपाई मागितली. कशाची? तर गेलेल्या मळ्यांची आणि गुलामांची! पुढे हा आकडा ९ कोटींवर आला, तरी पिढ्यान्‌पिढ्या ते कर्ज फेडावे लागले. विजयाच्या दिवशी इतिहास थांबत नाही, हे हैतीकडून शिकावे.

आता काही जण विचारतील की, पॅरिस-पेट्रोग्राडच्या गोष्टींशी आपला काय संबंध? संबंध आहे. आपण ज्या हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहतो, तेथेही एक राजवट आपल्या वाडवडिलांच्या डोळ्यांदेखत कोसळली. ती आपण किती भागांत ऐकली आहे? बहुतेक घरांत ती तीन शब्दांत संपते: निजाम, रझाकार, पोलीस ॲक्शन. कुरुंदकर, पगडी, अनंत भालेराव यांनी या विषयावर मराठीत मोलाचे लिहिले, पण ती पुस्तके आज आपल्या किती नातवंडांनी उघडली असतील?

सविस्तर सांगायचे तर १९३८ चा सत्याग्रह आणि उस्मानिया विद्यापीठातील ‘वंदे मातरम्’ चळवळ आली पाहिजे. स्वामी रामानंद तीर्थ आले पाहिजेत. रझाकारांचे अत्याचार आले पाहिजेत. तेलंगणातील शेतकऱ्यांनी देशमुखांविरुद्ध १९४६ ते १९५१ केलेला सशस्त्र लढाही आला पाहिजे. विलीनीकरणाची बाजू घेतली म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये ज्यांची हत्या झाली ते ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान आले पाहिजेत. आणि सप्टेंबर १९४८ च्या कारवाईनंतर मुस्लिम वस्त्यांवर जे ओढवले तेही आले पाहिजे. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा आकडा किमान २७ ते ४० हजार धरला होता. तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आलाच नाही.

जुन्या जखमा कशाला उकरायच्या, असे काही ज्येष्ठांचे मत पडेल. त्यांचा आदर राखून आम्ही म्हणतो की, आपण सांगितले नाही म्हणून गोष्ट सांगायची राहत नाही. ती दुसरे कोणी तरी सांगते, मोबाईलवरच्या दोन मिनिटांच्या निरोपात, आणि तीही अर्धीच. १७ सप्टेंबरला कोणी मुक्तिदिन म्हणतो, कोणी विलीनीकरण दिन. दरवर्षी नावावरून वाद होतो आणि घडले काय ते बाजूलाच राहते.

एवढे मान्य की पॉडकास्ट म्हणजे ग्रंथ नव्हे. निवेदकाची स्वतःची मते असतात, ऐकताना तळटीप दिसत नाही, आणि गोड आवाजाला माणूस भुलतो. म्हणून ऐकावे आणि मग पुस्तक उघडावे. पण ऐकल्याशिवाय पुस्तकापर्यंत तरी किती जण जातील?

तेव्हा आमची सूचना साधी आहे. सुलतान बाजार, काचीगुडा भागातील जुन्या घरांतून १९४८ पाहिलेली काही माणसे अजून आहेत. तेव्हा जी दहा वर्षांची होती ती आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत. १९५६ मध्ये राज्याची तीन तुकड्यांत वाटणी झाली, नातेवाईक एका राज्यात आणि आपण दुसऱ्या राज्यात राहिलो, हेही त्यांनी पाहिले आहे. मंडळाने त्यांचे बोलणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावे, तारखा पुस्तकांतून पडताळाव्यात, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्यांच्या आठवणीही त्यात घ्याव्यात आणि भागाभागांनी ते मराठीत सर्वांना ऐकवावे. खर्च फारसा नाही, पण वेळ कमी आहे. आणि एक अट हवी: कोणाला न आवडणारा भाग गाळायचा नाही.