'दोन्ही' हे आनंदीबाईंचे उत्तर

आनंदी-गोपाळांची एक हकिकत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. गोपाळराव कचेरीतून घरी येतात, बायको पुस्तक सोडून चुलीपाशी बसलेली दिसते, आणि तिला मार बसतो. स्वयंपाक केला नाही म्हणून बायकोला मारणारे नवरे गावोगावी होते. स्वयंपाक केला म्हणून मारणारा हा एकच, अशी त्यावर पुस्ती जोडली जाते. सांगणारा हसतो, ऐकणाराही हसतो. मार खाणाऱ्या मुलीचे वय मात्र त्या हकिकतीत सहसा येत नाही.

ते वय पाहणे, एवढाच या धाग्याचा हेतू.

माहेरची यमुना, जन्म ३१ मार्च १८६५, माहेर कल्याणचे. १८७४ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, तिचे लग्न टपाल खात्यात कारकून असलेल्या गोपाळराव जोशींशी झाले. ते बिजवर होते आणि तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. बायकोला शिकवीन, ही त्यांची अट लग्नाआधीच ठरलेली होती. नवरी लहान होती; तिला कोणी विचारण्याचा प्रश्नच नव्हता. यमुनेची आनंदी झाली. नाव नवऱ्याने ठेवले आणि आयुष्याचा मार्गही त्यानेच आखला.

'किशोरवय' असा वेगळा टप्पा त्या काळच्या मुलीच्या वाट्याला येतच नव्हता. परकर सुटून लुगडे आले की ती सासुरवाशीण. आनंदीच्या बाबतीत या एका वयावर दोन परस्परविरोधी अपेक्षा येऊन आदळल्या. भोवतालच्या बायकांच्या मते चांगल्या घरच्या सुनेने पाटी-पुस्तकाला हात लावू नये. नवऱ्याच्या मते तिने दुसऱ्या कशालाच हात लावू नये. एकीकडे वाकावे तर दुसरीकडे गुन्हा ठरावा, अशी ही कोंडी. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशा गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर गावे बदलत गेली; कोंडी बदलली नाही. पुस्तके घेऊन शाळेला निघालेली विवाहित मुलगी हा रस्त्यावरच्या रिकामटेकड्यांचा करमणुकीचा विषय होता. रस्त्यावरची टवाळी सोसून घरी यावे, तर तिथे धडा पाठ झाला की नाही याची झडती.

चौदाव्या वर्षाच्या सुमारास तिला मुलगा झाला. तो दहा दिवसांत गेला. वैद्यकी शिकण्याच्या तिच्या निश्चयाचे मूळ चरित्रकार या मृत्यूत शोधतात, आणि ते पटण्यासारखे आहे. पण त्याच वर्षांतली आणखी एक गोष्ट चरित्रांच्या मुख्य प्रवाहात येत नाही. ती आनंदीबाईंनी स्वतः लिहून ठेवली आहे.

अमेरिकेत गेल्यावर तिथून पतीला लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी आपल्या शिक्षणाच्या वर्षांचा हिशेब मांडला. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी बसलेला मार. बाराव्या वर्षी अंगावर भिरकावलेली पुस्तके आणि खुर्च्या, आणि सोडून जाण्याच्या धमक्या. चौदाव्या वर्षी आणखी विचित्र शिक्षा. वयांचा हा क्रम त्यांनीच लावला आहे; कोणा टीकाकाराने तो मागाहून रचलेला नाही. तुमचे वागणे चांगले होते की वाईट, या प्रश्नावर त्यांचे म्हणणे असे की उत्तर 'दोन्ही' असेच द्यावे लागेल. ज्या हेतूने ते केले त्या दृष्टीने ते योग्य ठरते. पण एका मुलीच्या मनावर होणाऱ्या परिणामांचा विचार केला तर ते अयोग्य होते, हे न्यायबुद्धीने मान्य करणे भाग आहे. आपण जे काही झालो ते तुमच्याशिवाय झालो नसतो, ही कृतज्ञताही त्याच पत्रात आहे. आणि मी नेहमी तुमच्या मर्जीप्रमाणेच वागले हे तुम्हालाही नाकारता येणार नाही, अशी नम्र पण टोकदार आठवणही.

हे पत्र लिहिणारी स्त्री विशीच्या आसपासची होती. परक्या देशात, परक्या भाषेत, शरीरविच्छेदनाच्या टेबलापाशी उभे राहून शिकत होती. सात समुद्र मध्ये आल्यावरच तिला हे लिहिता आले, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. घरात राहून हिंदू स्त्रीला असे काही बोलण्याचा हक्क नसतो, हे तिने पत्रातच नोंदवले आहे.

मराठी इतिहासलेखनाने आणि त्याहून अधिक मराठी रंजनाने या 'दोन्ही'मधले एकच ठेवून घेतले. श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ ची, चित्रपट २०१९ चा. दोन्हींत गोपाळरावांचा विक्षिप्तपणा लपवलेला नाही, हे मान्य करायला हवे. तरी लोकांच्या मनात अखेर उरतो तो पत्नीच्या पाठीशी उभा राहिलेला पती. काही नव्या लेखनात याच्या उलट, गोपाळराव म्हणजे केवळ छळवादी, असे चित्र दिसते. तेही आनंदीबाईंचे उत्तर नव्हे. एका चित्रात तिची यातना गळते, दुसऱ्यात तिची कृतज्ञता. दोन्हींत गळते ती तिची न्यायबुद्धी.

या प्रकरणाचा दोष एकट्या गोपाळरावांच्या स्वभावावर टाकून मोकळे होता येत नाही, कारण हा सुधारक घरांतला नेहमीचा प्रघात होता. आनंदीबाईंचे मराठी चरित्र लिहिणाऱ्या काशीबाई कानिटकर स्वतः अक्षरे शिकल्या त्या नवऱ्याला शिकलेली बायको हवी होती म्हणून. रमाबाई रानडे १८७३ मध्ये अकराव्या वर्षी लग्न होऊन आल्या, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. माधवरावांनी लगेच शिकवणी सुरू केली. तिकडे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी टोमणे आणि अबोला सुरू केला. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रमाबाईंच्या आठवणींत हा दुहेरी ताण पानोपानी आहे. रमाबाई तो तक्रार म्हणून सांगत नाहीत, इतकेच. माधवरावांच्या घरी काठी नव्हती, शांत आग्रह होता. हा फरक लहान नाही. पण अकरा वर्षांच्या मुलीला त्या आग्रहाला नकार देण्याची सोय होती का, हा प्रश्न दोन्ही घरांत सारखाच उरतो.

(जाता जाता: याच लग्नात ३१ वर्षांच्या, न्यायखात्यात अधिकारपदावर असलेल्या माधवरावांनी वडिलांच्या इच्छेपुढे मान तुकवली होती. विधवाविवाहाच्या या पुरस्कर्त्याने विधवेशी लग्न करावे, अशी मित्रांची अपेक्षा होती. एकतिशीतल्या विद्वानाला जे जमले नाही, त्याचा धडा पुढे एका बालिकेने गिरवायचा होता.)

मग आनंदीची स्वतःची इच्छा कुठे दिसते? २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील सेरामपूर येथे तिने इंग्रजीत भाषण केले. अठरा पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता. अमेरिकेला का जाता, एकट्या का जाता, परतल्यावर समाज बहिष्कार घालणार नाही का, एकाही स्त्रीने जे केले नाही ते तुम्हीच का करावे, असे लोक विचारत. एकेक प्रश्न घेऊन तिने उत्तर दिले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हा निर्वाळाही दिला. पतीची सावली त्या भाषणावर नसेल असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. तरी लादलेली गोष्ट आपलीशी करून तिचा जाब स्वतः द्यायला उभी राहिलेली मुलगी तिथे दिसते. ७ एप्रिल १८८३ रोजी ती कलकत्त्याहून पतीशिवाय बोटीत बसली. ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने तिचा अंत झाला. बाविसावे वर्ष पुरे व्हायचे होते.

गोपाळराव नसते तर हे काहीच घडले नसते, असा आक्षेप येतो आणि तो खरा आहे. तो आनंदीबाईंनीच सर्वांआधी मान्य केला होता. प्रश्न त्यापुढचा आहे. फळ गोड निघाले म्हणून सक्तीला 'प्रोत्साहन' म्हणावे, तर फळ कडू निघालेल्या सक्तीला वेगळे नाव कोणत्या आधारावर द्यायचे? ज्या मुली अशाच मारझोडीत शिकल्या आणि डॉक्टर वगैरे झाल्या नाहीत, त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत.

याच काळात मुंबईत आणखी एक मुलगी वाढत होती. रखमाबाई, जन्म १८६४ चा, आनंदीहून काही महिन्यांनीच मोठी. अकराव्या वर्षी लग्न झाले, शाळा सुटली. पण जाणती झाल्यावर तिने नवऱ्याच्या घरी नांदायला जायचे नाकारले आणि नवऱ्याने तिला कोर्टात खेचले. १८८५ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या नावाने इंग्रजीत पत्रे छापून आली. बालविवाहाने मुलीचे शिकण्याचे वय कसे गिळले, ते तिने त्यांत मांडले. नकार उघड असल्यामुळे इथे दडपणही उघड झाले. समाजाची प्रतिक्रिया मात्र पाहण्यासारखी आहे. लोकमान्य टिळकांनी आनंदीबाईंना कौतुकाचे पत्र लिहून १०० रुपये पाठवले होते. रखमाबाईंच्या खटल्यात मात्र ते विरोधी बाजूस उभे राहिले. दोघीही शिकलेल्या, दोघीही रूढीबाहेर गेलेल्या. एक नवऱ्याच्या आज्ञेने गेली, दुसरी त्याची आज्ञा मोडून. समुद्र ओलांडण्याचे पाप त्या मानाने लवकर माफ झाले.

आनंदीबाईंच्या मृत्यूला आठवडाही उलटला नव्हता, तेव्हा मार्च १८८७ च्या आरंभी मुंबईच्या न्यायालयाने रखमाबाईंना हुकूम दिला: नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंग पत्करते, असे त्यांनी कळवले. पुढल्या वर्षी दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, आणि त्या डॉक्टर होण्यासाठी लंडनला गेल्या.