नंतर, प्लीज!

'अँटिव्हायरस जुना झाला आहे. आता अपडेट करायचा?' तीन आठवडे रोज सकाळी स्क्रीनच्या कोपऱ्यात हा प्रश्न यायचा आणि मी रोज इमानेइतबारे 'नंतर'वर क्लिक करायचो. मंथएंडला कुणाला वेळ आहे राव? त्यात स्कॅन सुरू झाला की लॅपटॉप घाटात अडकलेल्या एसटीसारखा धापा टाकतो.

मग एका गुरुवारी मेल आली. 'थकीत बिल सोबत जोडले आहे.' झिप फाइल, तिला पासवर्ड, आणि पासवर्डही मेलमध्येच. मी उघडली. थोड्याच वेळात एकेक फाइल लॉक! ऑफिसचं काम सर्व्हरवर होतं, वाचलं. पण बाबांबरोबरच्या शेवटच्या कोकण ट्रिपचे फोटो फक्त याच लॅपटॉपवर होते.

आयटीतल्या मित्राने लॅपटॉप ताब्यात घेतला आणि माझी शाळाही. म्हणाला, ''अँटिव्हायरस म्हणजे सोसायटीचा वॉचमन. त्याच्याकडे नामचीन चोरांच्या खुणांचं रजिस्टर असतं. स्कॅन करताना तो एकेक फाइल त्या खुणांशी ताडून बघतो. अपडेट म्हणजे त्या रजिस्टरमध्ये नव्या चोरांची भर. तुझ्या वॉचमनचं रजिस्टर तीन आठवडे जुनं!''

''म्हणजे नवा चोर सरळ आत?''

''अगदीच तसं नाही. तो वागणूकही बघतो. एखादा प्रोग्रॅम धडाधड सगळ्या फाइल्स बदलायला लागला, की संशय घेतो. कधी संशयित फाइल आधी एका बंद खोलीत चालवून बघतो, तिला म्हणतात सँडबॉक्स. पण संशय दरवेळी खरा ठरतोच असं नाही. आणि पासवर्डवाली झिप म्हणजे कुलूपबंद बॅग. आत काय आहे ते त्याला सहसा दिसत नाही. कुलूप तू उघडलंस, बॉस.''

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने दीडशेच्या आसपास देशांत हेच केलं होतं. तो ज्या फटीतून घुसला, ती बुजवणारा विंडोजचा अपडेट मार्चमध्येच आला होता. 'नंतर' म्हणणारा मी एकटाच नव्हतो तर!

अपडेट करून केलेल्या स्कॅनमध्ये व्हायरस सापडला आणि क्वारंटाइनमध्ये गेलाही. मी खूश! पण मित्राने मान हलवली. चोर पकडला म्हणजे कुलूपं उघडत नाहीत. त्यासाठी बॅकअप लागतो, तोही वेगळ्या डिस्कवर, आणि कॉपी झाली की ती डिस्क काढून ठेवायची.

ताईच्या मोबाइलमध्ये अकरा फोटो मिळाले. एकात बाबा शहाळं हातात धरून हसताहेत. बाकीचे गेले.

आत्ता हे लिहिताना फुल स्कॅन चालू आहे आणि एकेक अक्षर सावकाश उमटतंय. कॉलम उशिरा पोचेल. संपादकसाहेब, या वेळी 'नंतर' तुमच्या वाट्याला!